उजव्या पानावरच्या बायका

त्या मंगळवारी सकाळी टेलरताईने शाळेचे तीन गणवेश बेतले, एका झग्याला बाह्या लावल्या आणि चहाचा कप मशीनच्या फळीवर ठेवून ती नुकतीच पाय चालवू लागली होती, तोच दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. लग्नाचे कपडे शिवायचे होते. मुलगी एकोणीस वर्षांची, सडपातळ आणि हसरी. माप घेताना तिला गुदगुल्या होत आणि ती सारखी वाकडी होई.

“सरळ उभी राहा गं,” टेलरताई म्हणाली, “नाहीतर एक खांदा वर नि एक खाली घेऊन मिरवशील आणि लोक मला शिव्या घालतील. कुठं दिलीत हो हिला, वहिनी?”

“गिरणीवाल्याकडे. बिजवर आहे, ते तुला ठाऊकच आहे, पण घर भरलेलं आहे. काही मागितलंसुद्धा नाही त्यांनी. तेवढा एक टेम्पो द्यायचाय, गिरणीच्या कामाला.”

मुलीच्या गळ्याभोवतीची टेप जागच्या जागी थांबली. गिरणीवाल्याची पहिली बायको म्हणजे टेलरताईची सख्खी धाकटी बहीण. तिच्याही वेळी टेम्पोच मागितला होता. तो काही दिला गेला नाही आणि लग्नानंतर दीड वर्षात धाकटी गेली. त्याला आता चौदा महिने झाले होते.

टेलरताईने मुलीला बटणे निवडायला बाहेरच्या फळीपाशी धाडले.

“वहिनी, त्या घरात मुलगी देऊ नका.”

“अगं, पण ती तर पाय घसरून पडली ना? सगळे तसंच म्हणतात.”

“शेवटची आंघोळ मी घातली तिला. गळ्याभोवती दोन बोटं रुंद, काळानिळा पट्टा होता. सगळीकडे सारख्या रुंदीचा. घसरून पडलेल्या माणसाला असा गळपट्टा शिवलेला नसतो.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

या प्रश्नाला टेलरताईपाशी उत्तर होते, परंतु ते उच्चारण्यासारखे नव्हते. वडिलांनी ‘आमची तक्रार नाही’ या कागदावर सही केली होती, कारण घरात अजून एक चुलत बहीण लग्नाची होती. आणि टेलरताईनेही तोंड शिवून घेतले होते. आपल्या त्या मौनाची तिला आता अशी किळस आली, की समोरचा चहा तिने तसाच मोरीत ओतला.

सायंकाळी कंपाउंडर स्वतः आला. गृहस्थ हळू बोलणारा, शर्टाची वरची गुंडी लावणारा.

“ताई, तुमचं दुःख मी समजतो. पण ऐकीव गोष्टीवर मी सोयरीक मोडत नसतो. सरकारी कागद दाखवा. लग्न अकरा दिवसांवर आलंय.”

कागद तालुक्याच्या कचेरीत होता. दारावर पाटी होती, ‘अभिलेख पाहण्याची वेळ दुपारी तीन ते चार.’ बुधवारी त्या तासात दाराला आतून कडी होती आणि आत कोणी तरी घोरत होते. गुरुवारी कडी नव्हती. नोंदणीचा कारकून टेबलावर बसून कपाटाच्या किल्लीने कान कोरत होता. कोरून झाल्यावर त्याने किल्ली पँटला पुसली, त्याच किल्लीने कपाट उघडले आणि अपघाती मृत्यूंची जाडजूड नोंदवही बाहेर काढली. पान उलटण्यापूर्वी तो दर वेळी अंगठा जिभेवर ओला करी. वर्षानुवर्षांच्या थुंकीने पानांचे कोपरे पिवळे पडून चामड्यासारखे झाले होते. हे थुंकीचे ठसे मेलेल्या माणसांच्या नावांवर उमटत होते.

“डावं पान बाप्यांचं, उजवं बायकांचं,” तो म्हणाला, “तुमची ओळ तेवढी बघायची.”

असे म्हणून त्याने उजव्या पानावर एक पुठ्ठा ठेवला. त्या पुठ्ठ्याला मधोमध एक फट कापलेली होती, अगदी एका ओळीपुरती. डावे पान मात्र उघडेच राहिले. तिथे प्रत्येक पुरुषाचे मरण सविस्तर लिहिलेले होते. ट्रॅक्टर कोणत्या उतारावर उलटला, वीज कोणत्या झाडावर पडली, विषारी मद्य कोणाकडून आणले होते, सारे काही. फटीतून दिसणाऱ्या तिच्या बहिणीच्या ओळीत नाव होते, वय तेवीस होते आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘वरीलप्रमाणे’.

“वर काय आहे?”

“वरची बाई तुमची कोण लागते?”

“कोणी नाही.”

“मग तिच्या माणसांनी अर्ज करावा. दुसऱ्याच्या घरातलं मी कसं दाखवू? नियम आहे, ताई. मी काय घरी बसून केलाय?”

त्याने नक्कल दिली. सही, शिक्का, आणि मधे तो एकच शब्द. कंपाउंडरने ती नक्कल चष्मा पुसून दोनदा वाचली.

“यात गैर असं काहीच लिहिलेलं नाही,” तो समाधानाने म्हणाला, “उलट बरं झालं तुम्ही आणलीत. माझ्या मनातली शंकाच गेली.”

वाचकहो, सरकारी शिक्क्याखाली काहीही न लिहिणे हीसुद्धा एक खोटी साक्ष असते, हे त्या दिवशी त्या अल्पशिक्षित बाईला उमगले. तिने दुकान बंद केले आणि आपली मापवही उघडली. दहा वर्षांतील प्रत्येक नवरीची छाती, कंबर, बाही आणि उंची तीत होती. पंचक्रोशीतल्या तरुण बायकांची इतकी चोख नोंद कोणत्याही कचेरीत नव्हती. ज्यांचे माप एकदाच घेतले आणि ज्या पुन्हा कधीच आल्या नाहीत, त्यांच्या पानांचे कोपरे तिने दुमडले. दुमडलेली पाने बहिणीचे सोडून सात निघाली. सातही जणी सासरी ‘अपघाताने’ मेल्या होत्या.

शुक्रवारपासून ती नकलेच्या अर्जाचे कागद घेऊन त्या सात मुलींच्या माहेरच्या दारी फिरली. पहिले घर पोस्टमनचे. त्याची थोरली मुलगी सासरी स्वयंपाकघरात जळून मेली होती.

“आता काय उकरून काढता?” पोस्टमन म्हणाला, “झालं ते झालं. धाकटीचं जमवायचंय मला. उद्या लोक म्हणतील, या घरच्या मुली कोर्टात जातात.”

“तुमच्या घरच्या मुली तिकडे जात नाहीत भाऊ, त्या कुठं जातात ते तुम्हाला ठाऊक आहे.”

तो पत्रांच्या गठ्ठ्याला दोरी बांधू लागला. टेलरताई फाटकापर्यंत पोचली, तेव्हा त्याची बायको कणकेच्या हातांनी धावत आली.

“कागद कुठाय? दे इकडं. मी करते सही.”

“भाऊंना विचारलंत?”

“सत्तावीस वर्षं विचारतेच आहे.”

प्रत्येक घरात असेच घडले. पुरुषांनी कारणे सांगितली, बायकांनी अर्ज केला. सोमवारी तीन वाजता सात बाया कचेरीच्या ओसरीवर हजर झाल्या.

“आज साफसफाई आहे. उद्या या,” कारकून म्हणाला.

“करा की,” पोस्टमनची बायको म्हणाली, “आम्ही पाय वर घेऊन बसतो.”

त्या खरोखरच पाय वर घेऊन बसल्या. अखेर त्याने पुठ्ठा एकेक ओळ वर सरकवत सात नकला लिहिल्या. टेलरताईने त्या आपल्या नकलेसह बाकावर एकाखाली एक मांडल्या. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. पोस्टमनची जी मुलगी जळून मेली होती, तिच्याही नकलेत वरीलप्रमाणे. सर्वांत वरच्या नकलेतसुद्धा तोच शब्द. म्हणजे याही वर आणखी एक ओळ होती.

“हिच्या आधी कोण मेलं होतं?” टेलरताईने विचारले.

बाया आठवू लागल्या. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मग सर्वांत वरची नक्कल जिची होती, ती म्हातारी म्हणाली, “माझ्या नातीच्या आधी त्याच महिन्यात एक आजीबाई गेली होती. कंपाउंडरची सासू.”

टेलरताई तशीच उठून कंपाउंडरच्या घरी गेली. तो दवाखान्यात होता. त्याच्या बायकोने सारे ऐकून घेतले, गॅस बंद केला आणि पायांत चपला सरकवल्या. वाटेत ती एकच वाक्य बोलली.

“माझी आई खरंच घसरली होती. मागच्या अंगणात शेवाळ साचलं होतं. मी तिथंच होते.”

त्या दोघी पोचल्या, तेव्हा चारला दहा मिनिटे होती. वही अजून टेबलावरच होती. कंपाउंडरच्या बायकोने अर्ज केला आणि पहिली ओळ उघडली. ‘वय एकाहत्तर. पाय घसरून पडल्याने डोक्यास मार लागून मृत्यू.’

तिने त्या ओळीवर बोट ठेवले. तिच्या आईचे ते मरण साधे, खरे आणि तिच्या मांडीवर आलेले होते. ते उचलून कोणी तरी आठ कोवळ्या पोरींच्या अंगावर पांघरले होते. एकीचे माप दुसरीच्या अंगाला येत नाही, हे कोणतीही शिवणारी बाई सांगेल. परंतु कचेरीत एका म्हातारीचे मरण आठ जणींना बरोबर बसले होते.

“हे माझ्या आईचं आहे,” ती कारकुनाला म्हणाली, “तुम्ही ते सगळ्यांना वाटून का टाकलंत?”

“बाई, घरची माणसं जे सांगतात तेच आम्ही लिहितो. सासरचे म्हणाले घसरली, माहेरचे म्हणाले तक्रार नाही. दर वेळी तेच काय लिहीत बसायचं? हात दुखतो.”

त्याने पुठ्ठा उचलला, तसे उजवे पान क्षणभर उघडे पडले; मग त्याने अंगठा ओला केला आणि वही मिटली. त्या वाक्याची त्याला लाज वाटली नाही, हेच सर्वांत ओंगळ होते.

एवढ्यात वार्ता लागून कंपाउंडर धापा टाकीत आला. ओसरीवर नऊ बाया पाहून त्याने आवाज आणखी खाली आणला.

“घरी चल. तमाशा नको. आमंत्रणं गेलीत.”

“परत बोलवा ती. मुलगी द्यायची नाही.”

“कागदावर काही नाही म्हणून सांगितलं ना तुला?”

“म्हणूनच द्यायची नाही. हिच्या बहिणीच्या ओळीखालची जागा मोकळी आहे. मी आत्ता बघून आले.”

कंपाउंडरने इकडे तिकडे पाहिले. त्याच्या बाजूने बोलावे असे तिथे फक्त कारकुनाला वाटत होते, आणि तोही कपाटाला कुलूप लावण्यात गुंतला होता. कंपाउंडर आला तसा एकटाच परत गेला.

पोस्टमनची बायको कारकुनाच्या खिडकीपाशी गेली. “आता माझ्या पोरीचं खरं लिहा. जळाली, जाळली म्हणून लिहा.”

“दुरुस्तीला वेगळा अर्ज लागतो. प्रत्येकीचा स्वतंत्र. आणि आज वेळ संपली.”

“उद्या किती वाजता उघडता?” टेलरताईने विचारले.

“दहाला.”

“आम्ही नऊला येतो.”

बाया ओसरीवरच्या बाकाभोवती जमल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी सांगायचे आणि टेलरताईने लिहायचे, असे ठरले. तिने पहिला कागद गुडघ्यावर घेतला. कोणाचा आधी, असे तिने विचारले, तेव्हा सगळ्या म्हणाल्या, तुझाच. चौदा महिने जे वाक्य तिच्या घशात अडकले होते ते तिने शाईने, सावकाश आणि ठळक अक्षरांत लिहिले. “माझी बहीण घसरली नाही.”