दातांशिवाय पृथ्वी

आजोबांनी अडतीस वर्षं भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतरही घरात त्यांचा शब्द म्हणजे छापील पुस्तक. पण वर्षाच्या शेवटच्या दिवशी अक्रोड फोडायला गेले आणि अक्रोडाऐवजी वरची कवळीच दुभंगली. दंतवैद्य म्हणाले, "जोडून देतो, पण सुट्टी आहे. परवा या." झालं. आजोबांनी तोंडाला कुलूप घातलं. बोलताना तोंडातून वारा जायचा, आणि तसं बोललेलं त्यांना चारचौघांत खपत नसे. आजी होती तेव्हा तिच्यासमोरसुद्धा ते कवळीशिवाय कधी बोलले नव्हते. काही हवं असलं की ते पाठकोऱ्या कागदावर लिहून सुनेला दाखवत.

नवीन वर्षाच्या सकाळी नात त्यांच्या खोलीत आली. तिला सगळे भिंगरी म्हणत, पण आज ती अगदी संथ चालत होती. हातातली रंगपेटी तिने आजोबांच्या मांडीवर ठेवली.

"ही तुम्हाला. भोवरा बाबांना दिलाय. मला आता काही लागणार नाही."

आजोबांच्या भुवया वर गेल्या.

"टीव्हीवरच्या ज्योतिषांनी सांगितलंय, यंदा पृथ्वी संपणार आहे. खरं का हो?"

आजोबांनी झटकन कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं, 'पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे...'

भिंगरीने कागदावर हात ठेवला. "लिहू नका ना. त्या ज्योतिषांचंही खाली लिहूनच येत होतं. तुम्ही बोला. तुमचं तोंड बघितलं की खरं-खोटं मला कळतं."

आजोबांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. नातीचे डोळे मात्र काठोकाठ भरले होते. त्यांनी घसा खाकरला आणि मनाचा हिय्या केला.

"पृफ्वी कुठ्ठं जाफ नाही," ते म्हणाले.

भिंगरी क्षणभर बघतच राहिली. मग जी हसत सुटली ती पोट धरून गादीवर लोळली. आजोबांचे कान लाल झाले. ते पुन्हा तोंड मिटणार, तोच ती उठून बसली. "परत म्हणा ना! पृफ्वी!"

"पृफ्वी," आजोबा म्हणाले, आणि त्यांचंही हसू फुटलं.

मग ते थांबलेच नाहीत. एकदा केवढा धोंडा आभाळातून येऊन आदळला, सगळीकडे कसा अंधार झाला, 'डायनोफोर' कसे गेले, आणि तरी कुठल्याशा बिळातून उंदराएवढा एक प्राणी बाहेर येऊन कसा इकडेतिकडे हुंगू लागला, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. उंदीर सांगताना नाकही हलवलं. मुलगा आणि सून कधीच दारात येऊन उभे होते. आजोबांना ते दिसले. आवाज जरा अडखळला, पण उंदीर बिळाबाहेर आला होता, त्याला आता मागे कसं ढकलणार?

"बाबा, आम्हाला वर्गात असं नाही हो कधी शिकवलंत," मुलगा म्हणाला.

"फेव्हा दात होफे," आजोबा म्हणाले.

सून पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिनं डोळेही पुसले.

भिंगरीचं मात्र अजून पुरतं समाधान झालं नव्हतं. ती आजोबांच्या अगदी जवळ सरकली. "पृथ्वी राहील. पण तुम्ही?"

आजोबांनी तिच्या केसांतून हात फिरवला. खोटं त्यांना सांगायचं नव्हतं. ती तोंडाकडेच बघत होती.

"मी पृफ्वीएवढा नाही टिकणार," ते म्हणाले. "पण एवढ्यात जायची घाई नाही. फुला अजून नद्या शिकवायच्या आहेत."

"किती नद्या आहेत?"

"पुष्कळ."

"मग सावकाश शिकवा," भिंगरी म्हणाली. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, मग सोडून दिलं. "आणि सूर्य विझला तर?"

"फूर्याला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत."

"मग काय करायचं?"

आजोबांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठले. "फोवर जेवून घेऊ."