क्लॅरने जोडलेल्या दोन पांढऱ्या तारा

मी कंट्रोलर बोलतोय, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी चिडलेलो आहे. आपली कहाणी गोडीगुलाबीने सांगणारे पुष्कळ असतील. माझ्याच्याने ते होणार नाही.

साध्या सायकलीला मोटार आणि बॅटरी लावून ती विजेवर चालवतात ना, त्या दोघींच्या मधे बसणारा ॲल्युमिनियमचा डबा म्हणजे मी. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. बॅटरी नुसती ताकद देते, मोटार नुसती फिरते. किती ताकद द्यायची, कधी द्यायची, चाक पुढे फिरवायचं की मागे, हे सगळं मी बघतो. सायकल चढावर सुसाट गेली की लोक मोटारीची पाठ थोपटतात. काही बिघडलं की शिव्या मात्र मला.

जन्म माझा चीनमधल्या एका कारखान्यातला. तिथून खोक्यात बंद होऊन, समुद्र ओलांडून मी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात आलो आणि क्लॅरच्या शेडमध्ये उघडला गेलो. पहिला वास आला तो डिझेलचा. क्लॅरने उभा जन्म मासेमारीच्या बोटींवर इंजिनं सांभाळण्यात घालवला होता. आता निवृत्त झालेला, नजर अधू झाल्यामुळे गाडी विकून टाकलेली. पण अंगातला इंजिनवाला काही गेला नव्हता.

मला मागवलं होतं त्याच्या बायकोसाठी, फिलोमिनासाठी. तिची थोरली बहीण अ‍ॅग्नेस टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. अर्धांगवायूने तिची वाचा गेली, आणि तेव्हापासून ती फिलोमिनाशिवाय कुणाच्याही हातचं खात नाही. परिचारिका चमचा घेऊन आली की ओठ घट्ट मिटते. फिलोमिना रोज संध्याकाळी सूप घेऊन टेकडी चढायची. हिवाळ्यात तिचे गुडघे गेले. संध्याकाळची बस नाही, रोजची टॅक्सी परवडत नाही. शेजारचा फॉन्स रविवारी आपल्या ट्रकमधून तिला वर नेई, तेवढंच. बाकीचे दिवस अ‍ॅग्नेस जेमतेम दोन घोट दूध घेई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पानगळीपर्यंत वजन वाढलं नाही तर पोटात नळी घालावी लागेल.

म्हणून ही सायकल. क्लॅरचा हेतू चांगला होता, हे मी रागातही कबूल करतो.

आता माझ्या तारांबद्दल थोडं ऐका, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. माझ्यातून दोन बारीक पांढऱ्या तारा निघतात. नवी मोटार जोडली की त्या एकमेकींना जोडायच्या, चाक अधांतरी ठेवायचं आणि मला चालू करायचं. मग चाक आपोआप फिरतं आणि तेवढ्यात मी त्या मोटारीची ओळख करून घेतो. चाक पुढच्या दिशेने नीट फिरलं की तारा सोडवायच्या. सोडवल्या नाहीत, तर मला जेव्हा जेव्हा चालू कराल तेव्हा मला वाटणार की पुन्हा ओळख करायची आहे, आणि मी चाक फिरवणार. कुणी काही दाबलेलं असो वा नसो.

क्लॅरने तारा जोडल्या. चाक पुढे फिरलं. फॉन्स चहाचा मग घेऊन माझ्याबरोबर आलेला कागद वाचत बसला होता. त्याने सांगितलं, "यात म्हटलंय, आता त्या पांढऱ्या सोडव."

"सोडव आणि काय करू? लोंबकळत ठेवू?" क्लॅर म्हणाला. "बोटीवर सुटं टोक म्हणजे आगीला आमंत्रण. माझ्या हातून आजवर एक टोक सुटं राहिलेलं नाही."

"ही बोट नाही रे बाबा, सायकल आहे."

"तू चहा पी."

मग त्याने त्या तारांना पीळ दिला, सोल्डर केलं, वर टेप गुंडाळली आणि मला दांडीखालच्या पिशवीत कोंबलं. काम इतकं देखणं की पाहत राहावं. मी आतून ओरडत होतो. पण डब्याचं कोण ऐकतं?

सोमवारी संध्याकाळी पहिली फेरी. फिलोमिनाने पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप झाकणाच्या वाडग्यात भरून मागच्या टोपलीत ठेवलं. क्लॅरने मोठ्या ऐटीत तिलाच बटण दाबायला सांगितलं. ती अजून बसलीही नव्हती, दारातल्या पायरीवर सायकल धरून उभी होती. तिने बटण दाबलं आणि मी मला शिकवल्याप्रमाणे चाक फिरवलं. सायकलीने तिला पायऱ्यांवरून फरफटत नेलं. तिचं मनगट मोडलं. सूप रस्त्यावर सांडलं.

फॉन्स तिला दवाखान्यात घेऊन गेला. क्लॅर मागे राहिला, सायकल शेडमध्ये आणली आणि पिशवी उघडली. टेप सोलून त्याने त्या दोन तारांकडे पाहिलं. तो गाढव नाही. त्याला कळलं. मग त्याने पक्कडीने तारा कापून वेगळ्या केल्या, मला चालू केलं. चाक ढिम्म. हँडलवरची पट्टी अंगठ्याने दाबली तसं चाक फिरलं, सोडली तसं थांबलं. टोकांना टेप न लावताच तो स्टुलावर बसला. मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगेल.

फिलोमिना हाताला प्लास्टर घालून घरी आली, तेव्हा तो म्हणाला, "चिनी भंगार. डबाच सडका निघाला."

ऐकलंत? मी सडका! त्याच्या हातांची अब्रू राहावी म्हणून माझी घालवली, तेही मी चालवून घेतलं असतं. पण त्या एका वाक्याने फिलोमिनाच्या मनात माझी जी धास्ती बसली ती बसलीच. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, तरी ती सायकलीकडे फिरकेना. फॉन्सने एकदा सुचवलंही की दुसरा डबा मागवून बघा. क्लॅर म्हणाला, सगळे तसलेच असतात. मी भिंतीच्या पलीकडे धडधाकट पडून होतो. टेकडी तिथेच होती. अ‍ॅग्नेस वर ओठ मिटून बसली होती. "चूक माझी होती" एवढंच म्हणायचं होतं त्याला, आणि तेवढ्याने फिलोमिना दुसऱ्या दिवशी वर पोचली असती. त्याने सगळा उन्हाळा तसाच जाऊ दिला.

पानगळ सुरू झाली आणि अ‍ॅग्नेसला नळी घातली.

त्याच आठवड्यात फिलोमिना जॅमच्या बरण्या शोधायला शेडमध्ये आली. पिशवी उघडीच होती. तिची नजर त्या दोन सुट्या पांढऱ्या टोकांवर पडली, आणि ती थबकली. तिला माझ्यातलं ओ की ठो कळत नाही. पण नवरा तिला पुरता ठाऊक आहे. या घरात बुटाच्या नाडीचं टोकसुद्धा सुटं राहत नाही. तिने सायकल स्टँडवर घेतली, लांब उभी राहून बटण दाबलं. चाक हललं नाही. पट्टी दाबली, फिरलं. सोडली, थांबलं. तिने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग दारात क्लॅर येऊन उभा राहिला.

"कधी दुरुस्त केलंस?" तिने विचारलं.

त्याने फळीवरची पक्कड उचलून खिळ्याला टांगली.

"क्लॅर, मी विचारतेय. कधी?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा."

ती ओरडली नाही. मला हवं होतं तिने ओरडावं. तिने फक्त बरण्या उचलल्या आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला टेकडीवर नेतो. कुरकुर न करता, धक्का न देता. तिथे ती अ‍ॅग्नेसच्या ओठांना चमचा लावते. परिचारिकेने थोडं थोडं द्यायला परवानगी दिली आहे. पण अ‍ॅग्नेसचं तोंड आता गिळायचं विसरत चाललंय. एखादा चमचा जातो, बाकीचा हनुवटीवरून ओघळतो. वाडगं जवळजवळ भरलेलंच परत येतं.

परतल्यावर ती मला शेडमध्ये न ठेवता स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवते, त्यामुळे पुढचं मला दिसतं. ती ते वाडगं क्लॅरपुढे ठेवते. पहिल्या दिवशी तो गरम करायला उठला.

"बस खाली," ती म्हणाली. "तसंच खा."

तो रोज ते थंडगार सूप शेवटच्या चमच्यापर्यंत खातो.

काल फॉन्स आला होता. माझ्याकडे बोट दाखवून त्याने हसत विचारलं, "काय रे, तुझं ते भंगार आपोआप बरं झालं वाटतं?" फिलोमिना पाठमोरी भांडी विसळत होती. तिचे हात थांबले. क्लॅरने आणखी एक चमचा तोंडात घातला.

चूक आपली होती, हे अजून त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. मी दाराशीच आहे, क्लॅर. तुझ्या त्या दोन तारा अजून सुट्याच आहेत. बोल.