अकराची कात्री

अगं ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आमच्या शेजारची काजवाली माहितीये ना, दुपारभर मशीनवर सदऱ्यांची काजं करते ती? तिला कटर व्हायचं होतं. कोटांच्या कारखान्यात. जुने कोट उसवून उसवून शिकली बिचारी. तिथले मास्तर म्हणाले, सोमवारी सकाळी नऊला ये, एक कोट कापून दाखव, जमला तर जागा तुझी.

गोम इथंच आहे. तिला संधिवात. म्हातारपणाचा नव्हे, एकोणिसाव्या वर्षापासूनचा. सकाळी बोटं इतकी आखडलेली, की दात घासायचा ब्रशसुद्धा दोन्ही तळव्यांत धरते. अकराला हात सुटतात. मग बघ तिची कात्री! कापडाला कळतसुद्धा नाही आपले दोन तुकडे झाले ते.

तर तिच्या आईनं डोकं चालवलं. उजव्या हाताला ही जाड पट्टी गुंडाळली आणि सोबतच गेली. हिनं तोंड उघडायच्या आत आई सुरू, “काय सांगू मास्तर, काल पोरीचा हात इस्त्रीनं भाजला हो!”

अगं, कुठं जाऊन काय सांगावं! तिथले इस्त्रीवाले काका धावतच आले, बाह्या सरकवून स्वतःचे डाग दाखवायला लागले. “हा थंडीतला. हा लग्नाच्या आदल्या दिवशीचा. तुला कुठून लागली, टोकानं की कडेनं?”

“सगळीकडनं,” आई म्हणाली.

“सगळीकडनं? इस्त्रीशी कुस्ती खेळली का काय?”

सगळे खो खो हसले. मास्तर म्हणाले, “असू दे. आठ दिवसांनी ये. जागा कुठं पळून जात नाही.”

आईचा जीव भांड्यात पडला. हिचा दंड धरून दाराकडे ओढायला लागली. पण हिच्या डोक्यात एकच. आठ दिवसांनीसुद्धा सकाळचे नऊच वाजणार ना? आणि लागलीच नोकरी, तर काय रोज भाजून घ्यायचं?

तिनं पट्टीचं टोक दातात धरलं आणि सरळ सोडत गेली.

“मास्तर, भाजलेलं नाही. संधिवात आहे. अकरापर्यंत माझी मूठ वळत नाही.”

“खाल्लीस माती!” आई पुटपुटली.

मास्तरांनी सुजलेली बोटं बघितली. “इथं कात्री आठला सुरू होते, बाई.”

“आणि खडूनं आखणी?”

“ती आदल्या संध्याकाळी.”

“मग माझं उलट करा. सकाळी आखते, अकरानंतर कापते. आजच बघा.”

खडू दोन बोटांच्या बेचक्यात अडकवला आणि हात खांद्यापासून फिरवला. दोनदा टेबलावर पडला खडू. दोन्ही वेळा टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत आणून तळव्यात झेलला. कुणी पुढं झालं की, “राहू द्या.” काकांनी मात्र काही न विचारता वाफेचं गरम फडकं हातांवर आणून टाकलं, ते घेतलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं कात्री उचलली.

मास्तरांनी टेप लावली. सगळं बरोबर, एका बाहीत सूतभर फरक.

“इथं खडू पडला होता,” ती म्हणाली. “कापड द्या, बाही परत काढते.”

काढली. मास्तरांनी ती परत मापली आणि टेप गुंडाळली. “महिनाभर बघतो. सकाळी आखणी. पण संध्याकाळी कोट इतरांइतकेच हवेत. एकही कमी चालणार नाही.”

“मला तरी कुठं चालणारे?”

आता ती रोज आठला जाते. आई अजून फुगलेली. “चार लोकांत आपलं दुखणं कशाला उघडं करायचं? तेवढ्यात औषधानं उतार पडला असता तर?” म्हणते.

आता खरं सांग हं. आठ दिवस आयते मिळत होते, कुणाला संशयसुद्धा नव्हता. तिच्या जागी तू काय केलं असतंस?