काळं नाक

सासऱ्यांच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या ग्लायडरचं नाक जवळजवळ प्रत्येक वेळी उतरताना तडकायचं. ते फायबरग्लासचं होतं आणि मैदान दगडांचं. "माणसांना दात बसवून भागत नाही, आता याला नाक बसवा," असं दंतवैद्य सासरे कुरकुरले आणि सुनेला राहवलं नाही. हलक्या आणि मजबूत वस्तू बनवणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. तिनं कार्बन फायबरच्या कापडाचे थर साच्यात बसवले, वाळून कडक होणारं रेझिन त्यात मुरवलं आणि चटईसारखी वीण असलेलं काळंभोर नाक त्यांच्या हातावर ठेवलं.

"सूनबाई, हे विमानाला लावू की कपाटात शोभेला ठेवू?"

"आपटून बघा, बाबा."

त्यांनी खरंच आपटलं. फरशीचा टवका उडाला. सासूबाई आतून ओरडल्या, "विमान नंतर पाडा, आधी घर तरी उभं राहू द्या!"

विमान उडवण्याआधी पल्ल्याची चाचणी करतात. रिमोटची शक्ती मुद्दाम कमी करून दूर चालत जायचं आणि शेपटी हुकूम ऐकते का ते पाहायचं. दोघांनी ती आदल्या संध्याकाळी केली. सगळं चोख. फक्त नाकाचं वार्निश ओलं होतं, म्हणून ते खिडकीत वाळत ठेवलं होतं. सकाळी मैदानावर ते चढवलं, तेव्हा रिमोटचे हुकूम झेलणारा रिसीव्हर आणि त्याच्या केसासारख्या बारीक अँटेना त्याच्या आत गेल्या.

"पुन्हा एकदा बघायचं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"कालच तर बघितलं, बाबा. वारा छान आहे, सोडा."

ग्लायडर गेलं ते अगदी शहाण्यासारखं. परत यायला वळलं, नाक सासऱ्यांच्या दिशेनं झालं आणि ते बहिरंच झालं. सासरे रिमोटची कांडी ओढत होते, "वर ये, अरे वर ये," म्हणत होते. ग्लायडर तिरपं होऊन सरळ खाली आलं.

मैदानावर विमानं उडवायला येणारे सगळे ज्याला कॅप्टन म्हणत, पण ज्यानं खरं विमान प्रवाशाच्या खुर्चीतूनच पाहिलं होतं, तो पहिला बोलला. "काय डॉक्टर! दात उपटायच्या सवयीनं आभाळातून विमान उपटलंत?"

सगळे हसले. सासरेही हसले. मग त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरून बोटं पसरली आणि बराच वेळ ती न्याहाळली. "वय झालं," म्हणाले.

सून तुकडे गोळा करत होती. पंखांचा भुगा झाला होता, शेपटी निखळली होती. नाकावर साधा ओरखडा नव्हता. ते हातात घेतल्याक्षणी तिला कळलं. कार्बन फायबरमधून वीज वाहते, आणि अशा कवचाआड रेडिओलहरी अडतात. हेच तिनं तोंडी परीक्षेत उदाहरणासकट सांगितलं होतं आणि परीक्षकांनी मान डोलावली होती. विमान लांब जात होतं तोवर लहरी मागच्या फायबरग्लासच्या धडातून आत शिरत होत्या. ते वळलं आणि तिचं नाक मध्ये आलं.

तिनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कॅप्टन म्हणाला, "सूनबाईंचं काम मात्र शाबूत हं! मानलं बुवा!"

"थँक्यू," ती म्हणाली.

त्या एका शब्दानं पुढचं सगळं अवघड केलं. त्या दिवशी सांगणं नुसती चूक कबूल करणं झालं असतं. दुसऱ्या दिवशी थँक्यूचाही हिशेब द्यावा लागला असता. तिनं सांगणं पुढे ढकललं, आणि ढकललेलं प्रत्येक वेळी जड होत गेलं.

मग एकदा भाजी निवडताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "अक्कलदाढ काढायला आलेल्या बाईंना यांनी दुसरीकडे पाठवलं. हाताचा भरवसा नाही म्हणे. दवाखानाच बंद करायचं मनात आहे. तू बोल गं, तुझं ऐकतात ते."

*तुझं ऐकतात.* ती तशीच उठली. अडगळीतून रिसीव्हर, त्याला जोडलेली शेपटीची छोटी मोटर आणि काळं नाक घेतलं आणि सासऱ्यांना गच्चीवर बोलावलं. कमी शक्तीवर ठेवलेला रिमोट त्यांच्या हाती देऊन त्यांना पार दुसऱ्या टोकाला उभं केलं.

"कांडी हलवा, बाबा."

मोटर करकरली. तिनं रिसीव्हरवर नाक चढवलं, टोक त्यांच्याकडे केलं. "आता हलवा."

काहीच नाही. नाक काढलं, करकर. घातलं, शांतता. सासरे चालत आले. नाक उचलून त्यांनी आत बोट फिरवलं, पोकळ दाढ तपासावी तसं.

"म्हणजे हे."

"हो. तुमचे हात ठीक होते. चूक माझी आहे."

"तुला कधी कळलं?"

"नंतर, प्रयोगशाळेत तपासून पाहिलं तेव्हा," असं उत्तर तयार होतं. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच अडलं.

"मैदानावर. तुकडे उचलताना."

सासरे चिडले असते तर बरं झालं असतं. ते कठड्यापाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "रोज सकाळी आरशासमोर हात धरून बघतोय मी. थरथरतो का म्हणून. बघितलं की थरथरतोच."

"बाबा, आता सिद्ध झालं ना—"

"विमानाचं झालं. हाताचं व्हायचंय." खिशातून फोन काढून त्यांनी दवाखान्यात लावला. "त्या अक्कलदाढवाल्या बाईंना परत बोलवा. उद्या. हो, मीच काढणार." फोन ठेवून ते वळले. "उद्या तू ये. माझ्या शेजारी उभी राहा. हात हलला तर तिथल्या तिथे सांगायचं. तेव्हा तरी."

"येते," ती म्हणाली. त्यांनी पुढे केलेलं नाक तिनं घेतलं, पण मान वर करवली नाही.