माझ्या आवाजाचा अर्थ: चहा

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच: मी वाजले, शेजारचं दार जरासं उघडलं आणि पुन्हा मिटलं. मी दचकलेच.

मी एक पितळी घंटी. जन्म बोस्टनच्या एका ओताऱ्याकडे. डॉर्कसच्या लग्नात मला अहेर म्हणून दिलं ते शेजारीच राहणाऱ्या तिच्या मोठ्या बहिणीने, केझायाने. "चहा झाला की वाजव. आलेच म्हणून समज," ती म्हणाली होती. मला दुसरं कामच नव्हतं. मी वाजायचे, ताई कुंपण ओलांडून यायची, आणि दोघी आपापल्या नवऱ्यांच्या नकला करत हसायच्या.

मग विलायतेच्या पार्लमेंटने लादलेला चहावरचा कर गावाला डाचू लागला. चहाला शिवायचं नाही, अशी बायकांनी शपथ घेतली. केझाया त्यांत पुढे. दार मिटलं ते म्हणून. डॉर्कसचा नवरा नॅथन तर राजाच्या जकात कचेरीत कारकून! तरी तिने घरातला सगळा चहा चुलीत घातला, रासबेरीची वाळलेली पानं उकळली आणि हौसेने मला हलवलं.

झालं! रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "ऐकलंत का? कारकुनीणबाईंचा चहा झाला!"

"अगं ताई, पाला आहे तो! वास तरी घेऊन बघ!" डॉर्कस कुंपणाशी धावली.

"पाल्याला घंटी कशाला लागते गं?" ताई खिडकीतून म्हणाली. "चारचौघांत माझं नाक कापलंस."

संध्याकाळपर्यंत, राजाच्या माणसाचं घर म्हणून, आमच्या दाराला डांबर फासलेलं होतं.

मी तरी काय करू? 'पाला' म्हणायला मला येतच नाही. त्या दिवशी माझी जीभ गळून पडली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

राजाच्या नोकराला या गावात थारा उरला नाही; आज सामान गाडीत चढलंय. जहाज उत्तरेला, राजाच्या ताब्यातल्या हॅलिफॅक्स बंदराला निघेल. परत यायचं कुणी बोलत नाही. किटली केव्हाच खोक्यात गेली. डॉर्कस मला घेऊन कुंपणाशी उभी आहे. बाबांनो, कुणी बोलावलं तर चुलीवर काय आहे ते मागून विचारा. आधी कोण बोलावतंय ते बघा.

मी वाजले. कुणी नाही.

"डॉर्कस, चल, भरती थांबायची नाही," नॅथन म्हणाला.

मी पुन्हा वाजले, अगदी घसा फोडून. येणारेजाणारे थबकून बघू लागले. त्या सगळ्यांच्या देखत, पिठाने भरलेले हात तसेच घेऊन शेजारच्या दारातून कुणीतरी धावत येत ओरडलं,

"आले गं, आले!"