चोळून संपवलेला वास

मी एक जुनी कुपी आहे. संत्र्याच्या सालीचे तेल पोटात घेऊन जन्मलेली, खसखशीच्या दाण्याहून बारीक. आता मी रिकामी आहे, आणि ज्या तऱ्हेने आमचे तेल संपले त्याने माझा जीव अगदी विटून गेला आहे.

कारखान्यात डिंकाच्या कोमट पाण्यात तेल घुसळले, मग ते सावकाश थंड केले, तेव्हा थेंबाथेंबाभोवती पातळ कवच धरले. अशा आम्ही हजारो बहिणी. तिथे काम करणाऱ्या ताईने आम्हाला एका शालीवर बसवले. शाल तिच्या आईसाठी होती. आईची उभी हयात संत्र्याचे तेल काढण्यात गेलेली. आता ती माणसे विसरत चालली होती, पण तो वास आला की लेकीला ‘चिमे’ म्हणून हाक मारायची. ताई नोकरीला परगावी, महिन्याने येणार. तोवर वास टिकावा म्हणून आई कूस बदलेल तसे आम्ही एकेकीने फुटायचे होते.

निघताना ताईने आईजवळ राहणाऱ्या भावाला बजावले, “दादा, शाल चोळू नकोस हं.” दादाने मान डोलावली आणि तिची पाठ वळताच शालच चोळली. “येतोय की वास!” मग शेजारणीने चोळली. मामांनी तर दोन्ही मुठींत धरून पिळली. वास आहे ना, हे बघता बघता या शहाण्यांनी वासच संपवला. वर म्हणतात, “हल्लीच्या वस्तूंत दमच नाही.” कपाळ माझे! आम्ही चारपाच जणी काठाच्या शिवणीत दडलेल्या होतो म्हणून वाचलो.

ताई आली. आईने विचारले, “कोण पाहिजे तुम्हाला?”

ताईने शाल नाकाशी नेली आणि ती आईच्या पायाशी बसली. मला इतका संताप आला, की रागानेच फुटले असते. पण ते आमच्या हातात नसते.

थोड्या वेळाने आईने शालीचा काठ ओढून तोंड पुसले. शिवण घासली गेली आणि आम्ही फुटलो. आईचा हात नाकापाशीच थांबला.

“चिमे,” ती म्हणाली, “हात न धुता बसलीस?”

ताई रडत रडत हात धुवायला गेली.

मित्रांनो, जे हळूहळू मिळणार आहे ते घडोघडी तपासून पाहू नका. अर्थात, सांगून काय उपयोग? ताई अजून नळाशीच आहे, आणि इकडे दादा “कुठून आला गं वास?” म्हणत शाल पुन्हा चोळतो आहे.