फाटलेल्या कोपऱ्यातला शब्द

मी एक जुने तारेचे पुस्तक आहे. मित्रांनो, चिनी लिपीत जवळजवळ प्रत्येक शब्दाला वेगळे अक्षर, अशी अक्षरे हजारो. ती तारेवरून धाडायची कशी? म्हणून प्रत्येक शब्दाला चार आकड्यांचा क्रमांक दिलेला असे. तारेवरून क्रमांक येत आणि त्यांचे शब्द मी सांगे. टपाल, तारा आणि रेल्वे पाहणारे बादशाही खाते पेकिंगला नवेच निघाले होते, तेव्हा माझा जन्म झाला. त्या खात्याचा लाल शिक्का माझ्या पहिल्या पानावर आहे.

माझी नेमणूक एका लहान स्टेशनात झाली. तारमास्तर ज्याओ देलिन सुरुवातीला मला हात धुऊन उघडत. पुढे माझ्यावर चहाचा पेला येऊ लागला. एका दुपारी तर त्यांनी चिलीम पेटवायला माझ्या एका पानाचा कोपरा फाडून त्याची सुरळी केली.

थंडीच्या तोंडी एका सकाळी गावातल्या थाओमावशींच्या नावे तार आली. त्यांचा एकुलता मुलगा रेल्वेच्या पुलावर मजूर होता. मास्तरांनी शब्द लावले : 'पूल पडला. तुमचा मुलगा...' पुढचा, शेवटचा क्रमांक नेमका त्या फाटलेल्या कोपऱ्यातला होता.

उलट तार करून विचारावे, तर तेवढ्यात बादशहा वारल्याची बातमी आली. दिवसभर फक्त दरबारी निरोप जातील, असा हुकूम सुटला.

मावशी धावत आल्या. "काय लिहिलंय?"

मास्तरांनी वाचले तेवढे सांगितले. मग म्हणाले, "पुढचा शब्द कळत नाही, मावशी. ते पान मीच फाडलंय. वीस लीवरच्या स्टेशनात दुसरं पुस्तक आहे. बघून येतो."

"मग बोलत काय उभे राहिलात? निघा."

यंत्र स्टेशनातल्या कारकुनावर सोपवून मास्तर ते वीस ली, म्हणजे तीनेक कोस, पायी निघाले. मावशी माझ्यापाशी बसून राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते. फाटक्या कडेवरून त्या नुसते बोट फिरवत होत्या. कारकुनाने गरम पाणी दिले, ते तसेच निवले.

उन्हे कलल्यावर मास्तर लंगडत परतले. "वाचला, मावशी. 'वाचला' असाच शब्द आहे."

मावशी हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. "सकाळपासून मी त्याला चारदा पुरून आले, मास्तर," त्या म्हणाल्या. "ह्याचा आकडा आहे का तुमच्या पुस्तकात?"

तिकडून उतरवून आणलेले ते अख्खे पान मास्तरांनी त्याच संध्याकाळी माझ्यात शिवले.

पुढे बादशाही गेली, ते खातेही गेले. मला आता कोणी उघडत नाही. पण मित्रांनो, कोपरा फाडायला मास्तरांना पळभर लागले होते, आणि मावशींनी त्यापायी अख्खा दिवस काढला. म्हणून सांगते, लिहिलेला कागद हाती आला की जपून उलटा.